हप्ते संपलेला माणूस

"आजपासून आपल्यावर कुणाची एक पै नाही. आता आपण राजे," मीटरवाल्यांनी जाहीर केलं. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायची त्यांची नोकरी. त्यामुळे पैशांचं बोलतानाही आवाजात सरकारी वजन यायचं. सोळा वर्षांचं घरकर्ज फिटलं होतं. पगार आता निदान पंधरा तारखेपर्यंत तरी घरात नांदणार होता. बँकेचा दाखला बायकोने फ्रेम करून दारासमोर लावला, येणाऱ्याला चपला काढताकाढताच दिसेल असा.

हे राज्य रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत टिकलं.

साडेनऊला सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टच्या दुरुस्तीचं पावतीपुस्तक घेऊन आले.

"देणारच होतो हो, पण हप्ता..." मीटरवाले सवयीने म्हणाले आणि थांबले. सेक्रेटरी फ्रेम वाचत होते.

"अभिनंदन. पाच हजार लिहू?"

मीटरवाल्यांनी कशीबशी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्या हप्त्याने सोळा वर्षं घराला कुंपण घातलं होतं. ऑफिसातल्या वर्गण्या, पुतण्याची दुचाकी, साडूबरोबरची सहल, सगळं त्याला धडकून परत गेलं होतं. वाचकांनी हसू नये. मागच्या लग्नात आहेराचं पाकीट हलकं करताना आपण घरात काय कारण दिलं होतं, ते आठवावं.

दुपारी मेहुणा आला. त्याला दुकानासाठी कर्ज हवं होतं आणि कर्जाला जामीन.

"दाजी, तुम्ही तर आता मोकळेच."

"उद्या सांगतो," म्हणून दाजींनी वेळ मारून नेली आणि सोमवारी बँक उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

"एक कर्ज द्या. सगळ्यात छोटं."

"कारण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तेच तर हवंय."

अधिकाऱ्याने कॉम्प्युटरमध्ये डोकावून मान हलवली. "तुमच्या नावावर काहीच कर्ज नाही. अशा माणसाचा भरवसा कसा धरायचा?"

"अहो, परवाच सोळा वर्षांचं फेडलं की."

"तिथेच चुकलात. फेडत राहिला असतात, तर गोष्ट वेगळी होती."

"म्हणजे मी कामातूनच गेलो?"

"छे, छे. जामीन राहायला तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही." अधिकाऱ्याने ड्रॉवरमधून मेहुण्याचा अर्ज काढला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आधीच मारलेली होती. मेहुणा बाहेर बाकावर बसून काचेतून हात हलवत होता. मीटरवाल्यांनी नाही म्हणायला कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही, म्हणून सही केली.

तिसऱ्या महिन्यात मेहुण्याच्या दुकानाला कुलूप लागलं, फोन लागेना, आणि हप्ता मीटरवाल्यांच्या पगारातून कापला गेला. बायको रडली. मीटरवाल्यांना मात्र कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. ते तडक सेक्रेटरींकडे गेले.

"लिफ्टचं यंदा जमणार नाही, साहेब. हप्ता सुरू झालाय."

"कुणाचा?"

"मेहुण्याचा. पण भरतोय मी."

"अरे वा. दुसऱ्याचाही परवडतो म्हणजे," सेक्रेटरी म्हणाले, आणि पाच हजारांच्या जागी दहा हजारांची पावती फाडून त्यांनी मीटरवाल्यांच्या हातात दिली.