बिनमापाचं शहर

दत्तोबा टेलर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघतो. आधी खांदे, मग कॉलर, मग बाह्या. चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर समोरच्याची अब्रू गेलेली असते. "पावणं, डावा खांदा पडलाय तुमचा. ह्यो शर्ट कुठल्या आंधळ्यानं शिवला?" रामराम त्याच्यानंतर.

शिवाजी पेठेत त्याचं दुकान, आणि शेजारी माझं घड्याळदुरुस्तीचं. पंचवीस वर्षं मी हे ऐकतोय. कपड्याच्या बाबतीत खोटं बोलणं ह्याला जमतच नाही. एकदा भर मांडवात, लोक अक्षता घेऊन उभे असताना, ह्यानं नवरदेवाचा कोट उतरवला. "कॉलर उचललीया. माझ्या हातचा हाय, चूक माझी हाय. काढ." नवरदेव शर्टावरच बोहल्यावर चढला. त्या घरची माणसं आम्हाला बघून अजून रस्ता बदलतात.

पुढं रेडिमेडची दुकानं आली. लोक घड्याळ बिघडलं की फेकून देऊ लागले आणि शर्ट खोक्यातून आणू लागले. दोघंही दुकानं उघडून माश्या मारत बसलो. त्यात त्याचा एकुलता एक विलास सिंगापूरला, कंप्युटरच्या नोकरीवर. जाऊन नऊ वर्षं झालेली. आई वारली तेव्हा दोन दिवस तोंड दाखवून गेला, त्यालाही सहा वर्षं. दोन हजार चार साली त्याला बापाची आठवण झाली. पंधरा दिवस फिरायला या म्हणाला. दत्तोबा एकटा विमानात बसेना, म्हणून त्याचं शेपूट होऊन मी गेलो.

निघायच्या आधी आठवडाभर खपून त्यानं विलाससाठी एक शर्ट शिवला. बारीक निळ्या रेघांचा, काजं हातानं केलेली. माप जुन्या वहीतलं, पोरगं गेलं तेव्हाचं. मी म्हटलं, फोन करून विचार की. तर खवळला. "बापानं पोराचं माप विचारायचं? मर्दा, डोकं फिरलंय काय तुझं?"

सिंगापूरच्या विमानतळावर विलास न्यायला आला होता. दत्तोबा त्याच्याकडं नुसता बघतच राहिला. मला वाटलं, गहिवरला. घरी गेल्या गेल्या त्यानं शर्ट पोराच्या हातात दिला. "बघतो आबा, नंतर," म्हणून विलासनं तो कपाटात ठेवला. घडीसुद्धा मोडली नाही.

सकाळी आठला विलास ऑफिसात. आम्ही दोन म्हातारे खाली चौकातल्या बाकड्यावर. लोक सिंगापूरला जाऊन समुद्र बघतात, बागा बघतात. आम्ही पंधरा दिवस शर्ट बघितले.

"त्यो बघ. चाळीसची छाती, चव्वेचाळीसचं पोतं."

"आणि ह्यो बघ. पोटावर बटणं कशी बोंबलाय लागल्यात! आरसा न्हाय व्हय ह्यांच्या घरात?"

"एवढं मोठं शार, शिरपा, आन् समदं बिनमापाचं हिंडतंय!"

तिसऱ्या दिवशी तर सिग्नलला उभ्या असलेल्या एका साहेबाचा खांदा ह्यानं मागनं जाऊन ओढून सरळ केला. साहेब किंचाळला. हा हात जोडून, "सॉरी, सॉरी! टेलर! इंडिया!" मी दुसरीकडं बघत उभा. माझा ह्याच्याशी काय संबंध?

संध्याकाळी विलास परत यायचा तो असल्याच बाजारी शर्टात. दत्तोबा एकदा बघायचा आणि खाली मान घालून जेवायचा. असे दहा दिवस गेल्यावर माझं टाळकं सरकलं. विलासला स्वयंपाकघरात गाठला. "लेका, एकदा अंगात घाल तो शर्ट. तेवढ्यासाठी बाप समुद्र ओलांडून आलाय."

"काका, वेळच झाला नाही हो."

जन्मभर घड्याळं उघडून बसलो, पण ह्या पोरांची वेळ कुठल्या घड्याळात असते ते मला काही सापडलं नाही.

शेवटी निघायच्या दिवशी विलास तो शर्ट घालून खोलीतून बाहेर आला. छातीवर ताणलेला, काखेत ओढलेला, पोटावर दोन बटणांच्या मधून बनियन दिसतंय. नऊ वर्षांत पोरगं चांगलं आडवं वाढलं होतं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यापलीकडच्या माणसाची छाती इंचात सांगणारा हा बाबा, ह्याला विमानतळावर पहिल्या नजरेतच कळलं असणार! पंधरा दिवस ते पोटात ठेवून बाकड्यावर बसला आणि परक्या लोकांच्या शर्टांना शिव्या घालत राहिला. मला भडभडून आलं. विलासचा राग आला, त्या मेल्या वहीचाही आला.

विलासनं पोट आत ओढलं. "आबा, जरा घट्ट होतोय काय?"

दत्तोबा पुढं झाला. पोटावरनं दोनदा हात फिरवला.

"न्हाय न्हाय, झकास बसलाय," तो म्हणाला. "हितं फ्याशनच हाय की तसली. पंधरा दिस बघतोय न्हवं मी. समदी असंच घालत्यात."