स्विचला बरं करू नका

पॅराग्वेतल्या पिरिबेबुयच्या दूध सहकारी संस्थेतला, सगळे संगणक जोडणारा नेटवर्क स्विच आठवडाभर आजारी होता, पण संस्थेची तंत्रज्ञ निमिया तपासायला गेली की नेमका ठणठणीत! संगणक माना टाकत, शेतकरी रांगेत ताटकळत, आणि ती लॅपटॉप घेऊन धावत पोचेपर्यंत सगळे दिवे हिरवेगार.

"प्लग काढला नि परत लावला," खिडकीवरच्या एलिहिया मावशी अभिमानाने सांगत. "तुझा उतरलेला चेहरा बघवत नाही गं पोरी!"

"अहो मावशी, तिथंच तर घोटाळा होतो! त्याच्या पोटात लिनक्स आहे. तो बेशुद्ध असतानाच एक आज्ञा द्यायची, की सगळी लक्षणं एका फाइलीत ओकतो. प्लग काढला की सगळं विसरतो. आणि लक्षणं कळल्याशिवाय कंपनी नवा देत नाही."

आज सान हुआनचा सण. दुपारी शाळेत निमियाची पाच वर्षांची लेक आरासेली डोक्यावर घागर घेऊन पहिल्यांदाच नाचणार होती. आणि व्यवस्थापक वेरॉननी बजावलं होतं, "फाइल गेल्याशिवाय हलायचं नाही."

निमियाने स्विचच्या खोलीवर पाटी लावली: 'रुग्ण गंभीर. हात लावू नये.' परिणाम एवढाच, की अर्धी संस्था विचारपूस करून गेली. शेवटी तिने पहारेकरी पोर्फिरिओकाकांना तेरेरेच्या, म्हणजे थंडगार पाल्याच्या चहाच्या, थर्मासासकट दारात बसवलं.

जेवणाआधी स्विच कोसळला. निमिया धावली. दिवे हिरवे!

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "तुझी धावपळ ऐकली, म्हटलं आपणच प्लग काढून लावावा."

"काका, तुम्हाला राखणीला बसवलं होतं!"

"राखणच केली की! मावशीला पाऊल टाकू दिलं नाही."

मग निमियाच आत फतकल मारून बसली. बाहेर सगळी संस्था स्विच आजारी पडण्याची वाट बघू लागली. रांगेतल्या शेतकऱ्यांनाही कळलं. "पडला! पडला!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. कुणी जागचं हललं नाही. निमियाने आज्ञा दिली, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि फोनच्या नेटवरून कंपनीला धाडली.

उत्तर लगेच आलं: 'उत्तम. आता तुलनेसाठी स्विच निरोगी असतानाचीही पाठवा.'

स्विच निपचित पडलेला. निमिया दारात आली. "मावशी!"

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "देवाशपथ, मी शिवले नाही!"

"शिवा ना मावशी. तुमच्या हाताला गुण आहे."

मावशींनी छातीवर क्रॉस काढला, प्लग ओढला नि परत लावला. दिवे हिरवे झाले, दुसरी फाइल गेली आणि निमिया धावत सुटली.

शाळेच्या अंगणात नाच संपत आला असणार, असं तिला वाटलं. पण सगळ्या पोरी घागरी घेऊन तिष्ठत उभ्या होत्या आणि आरासेली बाईंच्या मांडीवर विव्हळत पडली होती.

"केव्हाची पोट दुखतंय म्हणते," बाई काकुळतीला आल्या होत्या. "नक्की कुठे दुखतंय, तेही सांगेना."

आरासेलीने एक डोळा उघडला, आई दिसली, आणि तिने टुणकन उठून घागर डोक्यावर घेतली.