मत विचारलेले नाही

रहिमतपूरच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या दर्शनी काचेवर पाटी होती : ‘फोटो बघावेत. मत विचारलेले नाही.’

स्टुडिओ आमच्या हवालदारांचा, पाटीही त्यांचीच. नाव यशवंतराव, पण फौजेतून पेन्शनीत आल्यापासून अख्खं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. पाटी नुसती शोभेची नव्हती, तिची अंमलबजावणी व्हायची. काचेच्या आत त्यांनी एक हिरवा पडदा बसवला होता. फोटोसमोर उभं राहून कुणी तोंड उघडलं, की आतून दोरी ओढली जायची आणि पडदा बंद. मग दिवे लागेपर्यंत कुणालाच फोटो नाहीत. एकाची चूक, शिक्षा सगळ्या पलटणीला.

एकदा गावातल्या शाळेचे हेडमास्तर नुसतं एवढंच म्हणाले, की उजवीकडून जरा उजेड हवा होता. सर्रकन पडदा. बरं, टीका केली म्हणून राग येत असेल म्हणावं, तर तसंही नाही. एक दूधवाला बिचारा सायकलवरून न उतरता म्हणाला, ‘लय झ्याक फोटू हाय की.’ तरी पडदा!

मला राहवेना. मी आत जाऊन विचारलं, “हवालदार, अहो, तो चांगलं म्हणाला.”

“तेच की. ह्यो चांगलं म्हणला की शेजारचा म्हणणार, कशाचं चांगलं? पयलं मत म्हंजे पयली गोळी, मास्तर. एकदा सुटली की फायरिंग थांबत न्हाई.”

मास्तर म्हणजे मी. राहायला रहिमतपुरात आणि सातारला माझा कॉम्प्युटरचा क्लास. नव्याण्णव साली मी क्लासातच इंटरनेट सुरू केलं आणि अक्षरशः अंगात वारं शिरल्यासारखा हिंडायला लागलो. भेटेल त्याला धरून सांगायचो, की अहो, इथं बटण दाबलं की तिकडं अमेरिकेत उमटतं. लोक मला बघून रस्ता बदलायला लागले होते. हवालदारांनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“तिकडची माणसं फोटो बघत्यात?”

“हजारो.”

“बघून गप जात्यात?”

मी जोरात मान हलवली. खरं तर मला माहीत नव्हतं. उत्साहाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

जगभरातले फोटोवाले आपापले फोटो टाकायचे असं एक ठिकाण मी शोधून ठेवलं होतं. हवालदारांनी पहिला फोटो निवडला तो एका खिल्लार बैलाचा. काय फोटो होता! शिंगं अशी, की बघणाऱ्यानं चार पावलं मागं सरावं. आम्ही तो टाकला. आठवड्यानं हवालदार एसटीनं सातारला आले आणि मी मोठ्या अभिमानानं पडदा उघडावा तसं ते पान उघडलं. फोटोखाली एक चौकट होती आणि चौकटीत परदेशातल्या कुणी बाईंनी मत लिहिलं होतं.

“काय म्हणती?”

मी वाचलं. मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. “म्हणतायत... किती गोंडस गाय.”

हवालदार खुर्चीवरून उठले. “गाय? आवं, शर्यतीचा बैल हाय त्यो. मालकाला कळलं तर त्यो बैल घिऊनच तुमच्या क्लासात येईल. बंद करा ही चौकट.”

मी चौकट बंद करायला गेलो, तर तिथं ती सोय नव्हती. फोटो ठेवायचा तर मतं घ्यायची, नाहीतर फोटो काढून टाकायचा, असा त्या लोकांचा नियम. माझ्या क्लासात त्यावर वादच पेटला. पोरापोरींचं म्हणणं, चारचौघांत फोटो मांडायचा आणि वर बोलू नका म्हणायचं ही कुठली रीत? मीही त्यांच्याच बाजूचा. मला तर वाटायचं, सगळी मजा त्या चौकटीतच आहे. मी हवालदारांना म्हणालो, “लोक बोलले नाहीत तर फोटो आवडला हे कळणार कसं?”

“मला कळून काय करायचंय? फोटू लावणं म्हंजे लग्नात जेवाय वाढणं. जेवणाऱ्यानं जेवावं. उठून दर पंगतीला भाषान कशापायी?”

“आणि बोलायचंच असेल तर?”

“घरी जाऊन बोला. माझ्या फोटूच्या पायाशी बसून न्हाई.”

एवढं म्हणून ते गेले. हा माणूस घाबरट आहे, टीकेला भितो, असं मी त्या दिवशी सगळ्या क्लासाला सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. पाठीमागं दार लावून घेतलं आणि शर्टाच्या आतून एक पाकीट काढलं. त्यात एका तरुण बाईचा फोटो होता. अंगणात उभी, डोळे मिटलेले, मान मागं टाकलेली, आणि हसतेय, अशी हसतेय की मलाही हसू फुटलं. दात चांगलेच पुढं होते. त्या हसण्यात ते इतके शोभत होते, की ते पुढं आहेत हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

“कोण हो?”

“मंडळी आमची. शालन.”

शालनकाकूंना मी लहानपणापासून ओळखत होतो. त्या हसताना पदर तोंडाला लावतात, हे सगळ्या गल्लीला माहीत. दात मी आजच पाहत होतो.

“स्टुडिओ काढला तवा काचंत पयला फोटू ह्योच लावला हुता,” हवालदार म्हणाले. “दोघं जण उभं ऱ्हायलं. एक म्हणला, काय फोटू हाय. दुसरा म्हणला, दात बघ की, नारळ खवाय खवणी नको. ही डबा घिऊन त्यांच्याच मागं उभी.”

त्यांनी पाकीट माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, “ह्यो फोटू लोकांनी बघावा, असं मला लय वाटतं मास्तर. पर ह्याच्याखाली कुणी काय लिवलं, तर ती परत मरंल.”

मला माझीच लाज वाटली. मी चार दिवस खपून हवालदारांचं स्वतःचं पान तयार केलं. फुकट जागा मिळायची तेव्हा. बैल, पाणवठे, पैलवान, आणि मधोमध शालनकाकू. चौकट नाही. कुणी कितीही धडपडलं तरी एक अक्षर लिहिता येऊ नये, अशी तजवीज केली.

मंगळवारी ते काकूंना घेऊन आले. काकूंना वाटलेलं, की दवाखान्यात चाललोय. मी पान उघडलं. त्या वेळचं इंटरनेट म्हणजे फोटो वरून खाली, इंच इंच उतरायचा. आधी केस आले. मग कपाळ, कुंकू, मिटलेले डोळे. काकूंनी ओळखलं आणि पदर तोंडाशी नेला. फोटो नाकापाशी येऊन थांबला. हवालदारांनी माझा खांदा इतका घट्ट धरला, की कळ आली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. आणि मग हसू आलं, एकदम, सगळंच्या सगळं.

काकू टक लावून बघत राहिल्या. मग घाबरत विचारलं, “खाली काय लिवलंय लोकांनी?”

“काय न्हाई. लिवाय जागाच ठिवली न्हाई.”

त्या मग नवऱ्याकडं वळल्या.

“आवं, समद्या गावाचं तोंड बंद केलंसा. पर तुमी? तुमी तरी कवा बोललासा? मला वाटलं, तुमालाबी तसंच दिसत असंल.”

हवालदारांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “मास्तर, तुमी जरा भायेर जावा.”

मी बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट, त्यामुळं आत ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं काकू हसल्या, ते आलं. पदराआडून येतं तसलं ते हसणं नव्हतं.