पुस्तक अर्पण कुणाला?

संपादकांचं पुस्तक संपत आलं होतं. गेली कित्येक वर्षं ते संपतच आलं होतं, ही गोष्ट वेगळी. पण आता छापखानेवाल्याने सोमवारची शेवटची मुदत दिली होती. ती हुकली की पुस्तक बसलं बोंबलत! पुस्तकाचं नाव होतं ‘नाही म्हणायला शिका’. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं.

संपादक म्हणजे एकखांबी तंबू. जेवणाच्या टेबलावर बसून दर आठवड्याला ईमेलने वार्तापत्र पाठवायचे; लेखक तेच, शिपाईही तेच. त्या आठवड्यात त्यांना एकदम भरून आलं आणि त्यांनी वर्गणीदारांचे आभार मानले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण कुठल्या पत्त्यावर अंक किती वेळा उघडला गेला, हे संगणकावर दिसतं. एक पत्ता प्रत्येक अंक वीस-वीसदा उघडत होता. नाव नाही, नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा काला. संपादकांनी लिहून टाकलं, "माझ्या सर्वांत निष्ठावंत वाचका, हे पुस्तक तुलाच अर्पण. तू कोण, हे तुला ठाऊक आहेच."

झालं! ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आधी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "अहो, कशाला एवढं? मी आपली साधी वाचक." संपादकांच्या जिभेवर आलेलं ‘नाही’ तिथेच विरघळलं.

"तुमच्याशिवाय कोण, बाई! फक्त कुणाला सांगू नका."

दुपारी ते दाढ दाखवायला गेले. "तो वाचक मीच ना?" दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात आरसा घालून विचारलं. आ वासलेल्या माणसाने नाही म्हणायचं तरी कसं? "आँ," संपादक म्हणाले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

संध्याकाळी मेहुणा उगवला. "दाजी, नाव जरा मोठ्या अक्षरांत टाका हं."

"एक तरी अंक उघडलायस का रे मेल्या?" त्याच्या बहिणीने, म्हणजे संपादकांच्या बायकोने विचारलं.

"ताई, मी मनातून वाचतो."

"असू दे गं," संपादक म्हणाले. "तुझंच नाव, बाबा. पण बोलू नकोस कुठे."

तिघांनीही गुपित कसोशीने पाळलं, म्हणजे फक्त जवळच्या माणसांना सांगितलं. रविवारी तिघेही फुलांचे गुच्छ घेऊन एकदमच दारात उभे!

"किती जणांना शब्द दिलात हो?" बाई कडाडल्या. "आत्ताच्या आत्ता सांगा, तो वाचक कोण?"

"बघून सांगतो," म्हणत संपादक आतल्या खोलीत पळाले आणि संगणकावरचा पत्ता बायकोला दाखवला. "अगं, हा कोण असेल?"

तिने चष्मा वर केला. "अहो, तुम्हीच की! अंक पाठवल्यावर आपल्याच चुका शोधायला हा पत्ता काढला होता ना?"

संपादकांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. "तुलाच अर्पण करतो! बायकोचं नाव म्हटलं की कोण काय बोलणार?"

"नाही."

"अगं, पण का?"

"नाही म्हटलं ना." आणि ती चहा टाकायला गेली.

ना खुलासा, ना माफी, ना ‘गैरसमज नको’! सगळ्या प्रकरणांत संपादकांना जे जमलं नव्हतं, ते हिने उभ्या उभ्या केलं होतं. त्यांनी दारातल्या तिघांना ‘आता पुस्तकातच बघा’ असं ओरडून सांगितलं आणि तिथेच टंकलेखन सुरू केलं.

पुस्तक वेळेवर निघालं. पहिल्या पानावर ‘अर्पण’ आणि त्याखाली कोरी ओळ. त्या ओळीत संपादकांनी प्रत्येकाच्या प्रतीत ज्याचं त्याचं नाव स्वहस्ते घातलं. बाई, डॉक्टर, मेहुणा, सगळे खूश. मागून कुणी आलं तरी त्यालाही हो म्हणायची सोय झाली.

वाचकांना सर्वांत आवडलं ते शेवटचं प्रकरण. त्यात एकच शब्द आहे, आणि तो बायकोचा आहे.

"माझा शब्द छापताना मला विचारलंत का?" तिने पुस्तक मिटत विचारलं.

"विचारून काय उपयोग?" संपादक म्हणाले. "तू काय म्हणाली असतीस, ते छापलंय की त्यात."