आत जा हो, मालकीणबाई!

"तिथं जेवण संध्याकाळी सहाला वाढतात. त्याच्या आत पोचायचं म्हणजे पोचायचं," सुमिएबाई न्याहारीच्या ताटावरच म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा गार तेंपुरा."

तो 'पुन्हा' हिरोमासांच्या जिव्हारी लागला. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत त्यांनी भलतीच गाडी पकडली होती आणि डोंगरापलीकडच्या सराईत पोचेपर्यंत तेंपुऱ्याचं, म्हणजे पिठात घोळून तळलेल्या कोळंबीचं, गार होऊन चामडं झालं होतं. पुढे मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, पण तो तेंपुरा सुमिएबाई विसरल्या नाहीत. आज रात्रीसाठी हिरोमासांनी मुद्दाम त्याच सराईत खोली घेतली होती. आज हा डाग धुऊन काढायचाच, या घोरात त्यांना रात्रभर झोप नव्हती.

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. "गाडीनं सोडते की स्टेशनवर," कालचा मुक्काम झाला त्या सराईच्या मालकीणबाई म्हणाल्या.

"छे छे, बसथांबा तर समोरच आहे!"

आग्रह आणि नकार रीतसर तीनदा झाला. मग दोघं छत्री उघडून थांब्यावर आले.

थांबा अगदी समोर होता, तिथंच घात झाला. पाहुणा नजरेआड होईपर्यंत दारात उभं राहायचं ही मालकीणबाईंची रीत आणि पाहुणे तर जागचे हलेनात. बाई किमोनोत उभ्या राहून पावसात वाकत होत्या. इकडून हे दोघं वाकत होते. बसचा पत्ता नव्हता.

"आत जा हो, मालकीणबाई!" हिरोमासा ओरडले.

"आधी तुम्ही निघा, मग जाते!"

"अहो, पायमोजे चिंब झाले बिचारीचे," सुमिएबाई कळवळल्या. "आपण त्या वळणामागे जाऊ या. दिसेनासे झालो की जातील आत."

दोघं वळणामागे जाऊन लपले. बाई आत गेल्या. तेवढ्यात बस आली आणि थांब्यावर कुणीच नाही असं पाहून दोघांच्या अंगावर चिखल उडवत निघून गेली.

"आता सांगा ना त्यांना, गाडीनं सोडा म्हणून."

"काहीतरीच काय! एवढा निरोप घेऊन परत जायचं?"

मग पायपीट आली. स्टेशनवर पोचले तर गाडी सुटलेली. पुढची गाडी मिळाली, ती नदीला पाणी चढलं म्हणून पुलाअलीकडे थांबून राहिली. हिरोमासांचा डोळा घड्याळावरून हटेना. जीव रमवायला त्यांनी भाताचा गोळा काढला, एक घास घेतला आणि ते पांढरेफटक पडले.

"कवळी! न्याहारीनंतर धुवायला काढली, ती तिथंच राहिली!"

"म्हणजे आता वेळेवर पोचलो तरी तुम्ही तेंपुरा चावणार कशानं?"

"तू खा. मी बघतो," हिरोमासा रडवेल्या आवाजात म्हणाले.

अखेर गाडी हलली. स्टेशनापासून दोघं धावत सुटले आणि सहाला थोडा अवकाश असताना सराईपाशी पोचले. बघतात तर फाटकात दोन छत्र्या! एक इथल्या मालकीणबाईंची आणि दुसरी सकाळच्या मालकीणबाईंची. त्या घाटातून गाडी हाकत आल्या होत्या आणि कवळी रेशमी रुमालात बांधून, दोन्ही हातांवर धरून उभ्या होत्या.

हिरोमासांनी शरमेनं पाठ फिरवून दात बसवले. स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. जिंकलो, त्यांना वाटलं.

"बरं, निघते मी," सकाळच्या मालकीणबाई गाडीत बसल्या. इथल्या मालकीणबाई निरोपाला वाकल्या, म्हणून हे दोघंही वाकले. समोर माणसं वाकलेली असताना गाडी कशी हलवायची? बाई काच खाली करून आतूनच वाकल्या.

"आत जा हो, भिजताय!"

"आधी तुम्ही निघा, मग जातो!" सुमिएबाई म्हणाल्या.

आत सहाचे ठोके पडले. हिरोमासांनी बायकोची बाही ओढली. "अगं, तेंपुरा!"

"थांबा हो! तुमचे दात घेऊन ती बाई इतक्या लांब आली आणि आपण पाठ फिरवायची? काही लाज?" आणि त्या आणखी खाली वाकल्या.

ताट समोर आलं तेव्हा तेंपुऱ्याचं चामडं झालं होतं. सुमिएबाई खाली मान घालून चावत राहिल्या. हिरोमासांनी नव्यानं हाती आलेल्या दातांनी एक कोळंबी कचकन तोडली. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत आलं नव्हतं असं समाधान पसरलं.

"गारच बरा लागतो, नाही?"