दामाजीमामांचे नाव यंत्राने गिळले, त्याची हकीकत

श्री एकवीरा प्रसन्न. सकलगुणमंडित वाचक साहेबांचे हुजूर, शाई आणि चहा यांवर जगणाऱ्या लेखकूने हात जोडून कळविण्याची गोष्ट ऐसी की, शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी, ठाणे प्रांती नौपाडे पेठेत संगणक यंत्राशी जे तुंबळ युद्ध जाहले, ते लोक तिखटमीठ लावून सांगतात. सबब आम्ही तहकिकात करून खरा मजकूर लिहिला. खोटे आढळल्यास ते यंत्राचे समजावे.

बाळकुमचे गुणाजी कोळी, खाडीचे मातब्बर सरदार, होड्या दोन, यांची कन्या शेवंती हिचे लग्न वैशाखात ठरले, आणि पत्रिकेची कामगिरी नौपाड्यातील छापखान्याच्या धनीण राजमान्य नंदाबाई यांजकडे सोपविली. कोळ्यांची पत्रिका म्हणजे चिठ्ठी नव्हे. भावकीचे दीडशे मानकरी नावनिशीवार उभे करावे लागतात, आणि एक गळाला तर दोन पिढ्या बोलणे बंद. त्या कामी कोपरचे सहदेव यांनी प्रोग्राम रचिला होता. ओळीने हुकूम लिहून ठेवावे आणि यंत्राने एकेक वाचून तामील करावा, ऐसी तजवीज होती.

मग नंदाबाईंनी नावे टंकून छापण्याची कळ दाबिली, तो वधूची आजी रंगूबाई सुखरूप पार जाहली, आणि पुढे मामा दामाजी यांचे नावाशी येतांच यंत्र मूर्च्छित पडले. चार वेळां टंकिले, चारही वेळां दामाजींपाशी शिकस्त. मग सहदेवांस पाचारण जाहले, त्यांनी स्वहस्ते तीच नावे टंकिली, आणि पत्रिका बिनबोभाट निघाली. पण तो चाचणीचा नमुना फाडून, यंत्रातील नावे पुसून ते कोपरास परततात तो नंदाबाईंचे हाती यंत्र पुन्हा गतप्राण. ऐसे दोन दिवस चालले. धरावे तर चावते, सोडावे तर पळते. सहदेवांनी वायर बदलिली, पंखा झाडिला, दामाजींच्या ओळी उलटसुलट वाचिल्या, दोष सापडेना. गुणाजींनी यंत्रावरून नारळ ओवाळून खाडीत सोडिला. यंत्रास त्याचे काही वाटले नाही.

मग गुणाजींनी जड अंतःकरणाने फर्मान काढिले की, पत्रिका दोन दिवसांत न वाटल्यास भावकी रुसेल, सबब दामाजीचे नाव वगळावे. बहीण वारल्यावर ज्यांनी शेवंतीस खांद्यावर वाढविले ते दामाजी हे ऐकून छापखान्याचे पायरीवर बसले, अन्न वर्ज्य केले, आणि कळविले की, पत्रिकेत मामा नाही तर बोहल्यावर शेवंतीमागेही मामा नाही. आम्हांस फार वाईट वाटले. यंत्राने माणसास अपशकुनी ठरवावे, हा कोणत्या शास्त्राचा न्याय?

सहदेवांची उमेद खचली. "अरे, मी टाइप केलेलं तेव्हा चाललेलं ना!" एवढेच ते घटकाघटकेस म्हणत. म्हणतां म्हणतां त्यांस आपलेच बोलणे ऐकू आले. मग त्यांनी नंदाबाईंस टंकावयास बसविले आणि मागे उभे राहून पाहिले. तो काय! रंगूबाई विधवा, सबब नावाआधी सहदेव 'गं. भा.' लिहीत, नंदाबाई 'गंगाभागीरथी' ऐसे पुरते लिहीत. पुसतां उत्तर आले की, वडीलधाऱ्यांचा मान टिंब देऊन तोडण्याची आमचे घराण्यात चाल नाही. सहदेवांनी बोटांवर मोजिले: 'गंगाभागीरथी रंगूबाई चांगदेव कोळी', काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा धरून खुणा बत्तीस; आणि एका नावास कोठी दिलेली तिसांची! गंगेस पूर आला, दोन खुणा बांध फोडून शेजारी दामाजींचे कोठीत शिरल्या, आणि यंत्र तेथे पोहोचतांच चिखलात घसरले. दामाजी बिचारे निव्वळ शेजारी. कोठीवर पहारा न ठेविल्याचा अपराध सहदेवांचा. तो त्यांनी पायरीवर जाऊन दामाजींपुढे कान धरून कबूल केला.

मग कोठी शंभरांची करविली, पहारा बसविला, आणि पहिली पत्रिका रंगूबाईंस वाचून दाखविली. त्यांनी हुकूम केला तो शब्दशः ऐसा: "माझ्या नावाम्होरं ती गंगा नको रे बाला. नुसती रंगूबाई लिव. न दामाजीचा नाव जरा मोठा टाक, दोन दिस जेवला नाय तो."

हुकूम शिरसावंद्य मानिला. शंभरांचे कोठीत रंगूबाई वीस खुणांनिशी ऐसपैस राहिल्या. यंत्र एकदाही पडले नाही. दामाजींचे नाव नवरदेवाहून मोठे निघाले, आणि ते पायरीवरून उठून, रंगूबाईंचे हातची भाकरी खाऊन, बाळकुमात दारोदार पत्रिका वाटीत फिरले, आणि ज्यास वाचतां येत नव्हते त्यास आपले नाव बोट ठेवून दाखविले. मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नोंदिले.