मास्तरांची सव्वीस मिनिटं

मास्तरांच्या बँडबद्दल विचारायचं तर मला विचारा. बावीस वर्षांत त्यांचे एकशे चौदा कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून ऐकले आणि मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतले. चार मिनिटांचं गाणं सुरू करायचे आणि रंग चढला की अर्धा तास त्यातच फिरत राहायचे. तेच गाणं दोनदा सारखं कधी वाजलं नाही. मास्तर गिटारवर. दिवसा शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर.

मागच्या महिन्यात ते गेले. शोकसभा त्यांच्याच शाळेच्या सभागृहात ठरली. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, निरोप पाठवला की तुमच्याकडच्या कॅसेटींतलं काहीतरी चांगलं ऐकवा. त्या स्वतः एकाही कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या. मी छाती फुगवून कळवलं, निर्धास्त राहा.

कोणती कॅसेट न्यावी या विचारात चार दिवस माझं चष्म्याच्या दुकानात लक्ष नव्हतं. एका आजोबांना तर मी शेजारणीचा चष्मा दिला आणि ते खूश होऊन गेले. एका कार्यक्रमात वीज गेली होती, तेव्हा बँडने नुसत्या ड्रमवर आणि लोकांच्या टाळ्यांवर पाऊण तास निभावला होता. एकदा मास्तरांची तार तुटली, तर उरलेल्या पाचांवर असं वाजवलं की सहावी उगाचच असते असं वाटावं. पण सगळ्यांच्या वर वाचनालयाच्या हॉलमधली ती सव्वीस मिनिटं. तीच कॅसेट घेतली. आधी ऐकून बघितली नाही. मला ती पाठ होती ना!

सभेत बटण दाबलं आणि सभागृहात आवाज घुमला. माझा. "जरा सरका हो, पाय लागतोय." मग वेफर्सची पिशवी फोडल्याचा आवाज. मागे कुणीतरी खुसखुसलं. मी आवाज कमी केला, तर गिटार बुडाली. वाढवला, तर मीच वर आलो. घाम पुसेपर्यंत पुढचं वाक्य आलंच, "मास्तर आज वेगळेच दिसतायत. घरी भांडून आलेत वाटतं."

सगळे वहिनींकडे बघायला लागले. कॅसेटमध्ये मास्तर माइकजवळ मोठ्याने हसले. त्यांनी माझं ऐकलं होतं. धरणी दुभंगली असती तर मी टेपरेकॉर्डरसकट आत गेलो असतो. बंद करायला हात पुढे केला, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या."

मग गिटार सुरू झाली. सावकाश, चाचपडत, आणि एकदा वाट सापडल्यावर नुसती सुटली. मी कुठेच बोलत नव्हतो. सूर अगदी वर पोचले आणि खट्कन कॅसेट संपली.

लोक पांगल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, त्या संध्याकाळी खरंच भांडण झालं होतं. जाताय तर परत येऊ नका, असं त्या बोलून गेल्या होत्या. मास्तर परत आले, पण त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते रागातच वाजवत बसले असतील.

"हसले ना हो ते?" त्यांनी विचारलं.

"हसले. सगळ्यांनी ऐकलं."

"मग पुढे काय वाजवलं?"

खरं काय ते सांगून टाकलं. त्या संध्याकाळी मी ऐकण्यात इतका बुडालो होतो की कॅसेट उलटायचीच विसरलो. शेवटची आठ मिनिटं कुणाकडेच नाहीत.

"तुम्हाला आठवतात?"

आठवत होती. मग मी गुणगुणायला लागलो. शिपाई खुर्च्या आवरत होता, तो दोन खुर्च्या हातात धरून तसाच थांबला. माझा आवाज कसा आहे ते मला घरच्यांनी लग्नातच सांगितलं होतं. मध्येच गिटार, मध्येच ड्रम, दोन ठिकाणी ठसका. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.

संपल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले.

"काहीच कळलं नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."